शिक्का आहे, मोर्तब कुठाय?

कर्जत लाईनवर वाढलेल्या माणसाला 'मेड इन यूएसए'चा विनोद समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! फाळणीत सगळं गमावून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली, १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि मग तिथे काय वाट्टेल ते बनायला लागलं. त्या मालावर म्हणे 'मेड इन यूएसए' छापलेलं असायचं. दंतकथा म्हणा, चेष्टा म्हणा. पण आमचे एक शेजारी यावर नेहमी म्हणायचे, "अरे, लिहिणाऱ्याने खोटं कुठे लिहिलंय? वाचणाऱ्याने अमेरिका वाचली, त्याला तो काय करणार!"

मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. म्हणून आजचं हे लिखाण लिहिणाऱ्याच्या नाही, वाचणाऱ्याच्या विरोधात आहे. म्हणजे तुमच्या. नातेवाईक मंडळींनी रागावू नये. किंवा खुशाल रागवावं, पण शेवटपर्यंत वाचावं.

कागद हातात आला की आपण काय बघतो? वर लेटरहेड, खाली सही, सहीवर गोल शिक्का. तिन्ही दिसलं की कागद खरा. आपल्या भाषेत शिक्कामोर्तब असा झकास शब्द आहे आणि तो आपण रोज पेपरात वाचतो, पण त्यातलं मोर्तब म्हणजे काय ते किती जणांना ठाऊक आहे? शिवाजी महाराजांची पत्रं बघा. माथ्यावर राजमुद्रा, तो शिक्का. आणि मजकूर जिथे संपतो तिथे एक वेगळी, छोटी मुद्रा, 'मर्यादेयं विराजते'. ते मोर्तब. पत्राची मर्यादा इथे संपली. याच्या खाली कोणी एक ओळ जरी वाढवली तरी ती महाराजांची नाही, हे कोणालाही समजावं म्हणून केलेली सोय. शिक्का सांगतो पत्र कोणाचं आहे, आणि मोर्तब सांगतं की मजकुरात नंतर भर पडलेली नाही. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फडावर ही दोन कामं वेगळी आहेत हे समजत होतं. आपण शिक्का तेवढा ठेवला आणि मोर्तब विसरून गेलो.

विसरल्याची किंमत बघायला लांब जायला नको. बदलापूरहून लोकल पकडा, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, ठाकुर्ली आणि मग डोंबिवली. तिथल्या ६५ इमारतींचं प्रकरण तुम्ही वाचलंच असेल. महापालिकेने कधीच न दिलेल्या बांधकाम परवानग्या कोणीतरी बनवल्या. लेटरहेड, सही, शिक्का सगळं जागच्या जागी. ते कागद महारेराला दिले आणि नोंदणी मिळवली. मग नोंदणी क्रमांक दाखवून फ्लॅट विकले, तोच क्रमांक बघून कर्जं मंजूर झाली. वास्तुविशारद संदीप पाटील यांनी हे खणून काढलं, ते हायकोर्टात गेले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने या इमारती पाडायचा आदेश दिला. हजारो कुटुंबांना कळलं की आपण हप्ते भरतोय ते घर कागदावर नाहीच.

आता मला सांगा, या साखळीत तो कागद किती टेबलांवरून गेला असेल? आणि प्रत्येक टेबलावर काय झालं? कोणीतरी शिक्का बघितला. बघितला, तपासला नाही. पहिल्याने बघितला म्हणून दुसऱ्याने विश्वास ठेवला, दुसऱ्याने ठेवला म्हणून तिसऱ्याने. खोटी सही करणारे चोर आहेत, त्यांना काय शिक्षा व्हायची ती होवो. माझं भांडण त्या टेबलांशी आहे. महापालिकेत एक फोन केला असता तरी चाललं असतं हो!

इथे मी माझं घोडं दामटतो. मी गेली कित्येक वर्षं जीपीजी वापरतो. पूर्ण नाव ग्नू प्रायव्हसी गार्ड. वेर्नर कोख नावाच्या जर्मन माणसाने १९९७ मध्ये सुरू केलेलं हे फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर आहे, फिल झिमरमनच्या १९९१ च्या पीजीपीचा वारस. त्याला नटवी खिडकी नाही, काळा स्क्रीन आणि त्यावर टाईप करायच्या आज्ञा. लिनक्सवर बहुधा आयतं असतं, विंडोजवर उतरवून घ्यावं लागतं.

सही तपासायची म्हणजे काय करायचं, ते एकदाच सांगतो. सही करणाऱ्याकडे दोन किल्ल्या असतात. एक खासगी, ती त्याने कोणाला द्यायची नाही. दुसरी जाहीर, ती जगाला वाटायची. त्याने फाईलवर खासगी किल्लीने सही केली की एक छोटी वेगळी फाईल तयार होते. ती सही. तुम्ही जीपीजीला व्हेरिफाय ही आज्ञा द्यायची आणि पुढे दोन्ही फायलींची नावं लिहायची. त्याची जाहीर किल्ली तुमच्याकडे असली तर क्षणात उत्तर येतं, सही चांगली किंवा सही वाईट. मजकुरातला एक स्वल्पविराम बदललेला असला, एका शून्याची भर पडलेली असली, तरी वाईट. हेच ते मोर्तब. फरक एवढाच की मुद्रा कोरून घेणारा सोनार इथे उपयोगाचा नाही, कारण सही त्या विशिष्ट मजकुराला बांधलेली असते. उचलून दुसऱ्या कागदावर चिकटवली की मेली.

आणि मला जीपीजीचं सर्वात काय आवडत असेल तर त्याचा फटकळपणा. सही चांगली आहे असं सांगितल्यावर लगेच खालच्या ओळीत ते बजावतं की बाबा रे, ही किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे याचा काही पुरावा मला दिसत नाही. म्हणजे किल्लीवर नाव लिहिलंय ते 'मेड इन यूएसए' समज! किल्ली बनवताना नाव-पत्ता आपणच टाईप करायचा असतो. मी आत्ता पाच मिनिटांत मुख्यमंत्र्यांच्या नावाची किल्ली बनवू शकतो. गंमत नाही, २०१६ मध्ये खुद्द लिनस तोरवाल्ड्सच्या नावाची खोटी किल्ली सर्व्हरवर सापडली होती, आणि तिची शेवटची आठ अक्षरंही खऱ्या किल्लीशी जुळत होती. म्हणून नाव बघायचं नाही, आठ अक्षरंही नाही, पूर्ण ठसा बघायचा. चाळीस अक्षरं, चार-चारचे दहा गट. आणि तो ठसा त्या माणसाकडून वेगळ्या वाटेने मिळवायचा. प्रत्यक्ष भेटून, किंवा छापील कार्डावरून. ज्या मेलमधून कागद आला त्याच मेलमधून ठसा घेतला तर चोरालाच विचारल्यासारखं झालं, की तू चोर का?

आता गुप्त निरोपांबद्दल, कारण इथे शिकलेली माणसंही घसरतात. निरोप माझ्या जाहीर किल्लीने बंद करून आला, मी डिक्रिप्टची आज्ञा दिली, परवलीचा शब्द घातला, आणि मजकूर उलगडला. झालं, खरा निरोप! अजिबात नाही. माझी जाहीर किल्ली जगाकडे आहे, तेव्हा तो निरोप कोणीही बंद करून पाठवला असेल. पेटीला कुलूप होतं म्हणून आतली चिठ्ठी खरी, हा कुठला न्याय? उलगडताना जीपीजी आत सही असेल तर तिच्याबद्दल सांगतं. ती ओळ वाचायची. ती ओळच नसेल तर तुमच्या हातात एक निनावी पत्र आहे, फक्त छान कुलपातून आलेलं.

तुमच्या व्हॉट्सॲपचंही हेच. "अरे, ते आता एनक्रिप्टेड असतं ना," असं आमचे मामा मला ऐकवतात. असतं, २०१६ पासून असतं. ठगाचा निरोपही तितक्याच बंदोबस्तात तुमच्यापर्यंत पोचतो. वाटेत कोणी वाचला नाही एवढंच. तिथेही समोरच्याशी पडताळायला साठ आकडी कोड दिलेला आहे. मामा, तुम्ही तो कधी उघडून बघितलाय का? डिजिटल अरेस्टच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात ते अशाच निरोपांनी. कागदावर सिंह, शिक्का, न्यायमूर्तींच्या सह्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, कारण त्या ठगांनी अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला कोर्टाचेच बनावट आदेश दाखवले होते.

"आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही" हे वाक्य मी किमान पन्नास वेळा ऐकलंय. लपवायला कोण सांगतंय? सही ही लपवण्याच्या बरोब्बर उलटी गोष्ट आहे. हे मी बोललो आणि हे बदलता येणार नाही, असं उघड सांगणं.

आमच्या घरातलंच सांगतो. आजोबांच्या बदलापूरच्या घराच्या वाटणीचा एक तीन पानी कागद होता, सगळ्यांच्या सह्यांचा. तो काकांच्या तळमजल्यावरच्या कपाटात असायचा. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी आत आली आणि कपाटातल्या सगळ्याचा लगदा झाला. उरल्या दोघा-तिघांकडच्या झेरॉक्स. पुढे कोणीतरी झेरॉक्स स्कॅन केल्या, मेलवर फिरवल्या, आणि काही वर्षांनी लक्षात आलं की दोन वेगवेगळे कागद फिरतायत. सह्या त्याच, शिक्का तोच, तारीख तीच. एकात मागची विहीर आणि पडवी सामायिक, दुसऱ्यात ती ओळच नाही. खरा कोणता? आजोबा नाहीत, वकील नाहीत, मूळ कागद नाही. दोन्ही घरं आपापल्या ठिकाणी प्रामाणिक आहेत असंच मी आजही धरून चालतो, कदाचित पहिल्यापासूनच दोन मसुदे असतील. पण दोन दिवाळ्या एकमेकांकडे फराळाचं ताट गेलं नाही. आत्या म्हणायची, "शिक्का आहे की रे यावर!" तिला कसं सांगणार की आत्या, शिक्का दोन्हींवर आहे.

शेवटी विहीर सामायिक ठरली, चर्चेने नव्हे, कंटाळून. नवा कागद स्टँपपेपरवर रीतसर झाला. पण त्याबरोबर मी हट्टाने अजून एक केलं. त्याच मजकुराची साधी टेक्स्ट फाईल केली आणि आम्हा चौघा चुलत भावंडांनी तिच्यावर जीपीजीने सह्या केल्या. चौघांकडे फाईल आहे, चौघांकडे चारही सह्या आहेत. कोणालाही कधीही तपासता येतं की माझ्याकडचा मजकूर तोच आहे का. याला कायद्यात स्टँपपेपरची जागा नाही हे मला माहीत आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याला परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. असू दे. कायद्याने वाद सुटतो, मला वाद सुरूच व्हायला नको होता.

बरं, ते परवानाधारक प्रमाणपत्र तरी आपण कसं वापरतो? छोट्या कंपन्यांच्या मालकांना विचारा, तुमची डिजिटल सही कुठे आहे? "सीएकडे." सीएकडे कुठे? ड्रॉवरमध्ये. शंभर पेनड्राइव्हसारखे डोंगल रबरबँड लावून, प्रत्येकावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर मालकाचं नाव आणि कित्येकदा त्याखालीच पासवर्ड! जी किल्ली सख्ख्या भावाला द्यायची नाही ती ऑफिसमधल्या नवीन पोराच्या हाताशी. ही सही आहे की रबरी शिक्का?

आणि घेणाऱ्या बाजूची तऱ्हा याहून न्यारी. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. पंधरा रुपये भरा, घरबसल्या उतारा. उत्तम काम झालं, तलाठ्याच्या पायऱ्या झिजवणं वाचलं, मी मनापासून टाळ्या वाजवल्या. पण त्या उताऱ्याचं आपण करतो काय? प्रिंट काढतो. प्रिंटची झेरॉक्स काढतो. झेरॉक्सवर 'सत्यप्रत' लिहून स्वतः सही ठोकतो. अहो, डिजिटल सही फाईलमध्ये असते, कागदावर तिचा फोटो येतो! प्रिंट काढली त्या क्षणी ती सही संपली. उताऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो, तो महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. तो टाकून बघणारा कारकून मला भेटायचा आहे.

आधारची पीडीएफ उघडून बघा. सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसेल. ते का दिसतं? कारण पीडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर आपल्या सरकारी मूळ प्रमाणपत्राला आपणहून ओळखत नाही. मग सूचना अशी की त्यावर उजवं क्लिक करा, प्रमाणपत्र बघा, आणि 'यावर माझा विश्वास आहे' असं तुम्हीच सांगा. पिवळ्याचं हिरवं होतं. किती जण त्या वेळी प्रमाणपत्राचा ठसा कुठल्या दुसऱ्या ठिकाणाहून पडताळतात? हिरवी खूण हवी होती, मिळाली. वर ती खूण पानावरच उमटते, म्हणजे चित्रच ते. एखाद्या भामट्याने पहिल्यापासूनच पानावर हिरवी खूण रंगवून दिली तर तुम्ही खूश! म्हणून मला काळा स्क्रीन बरा वाटतो. तिथे उत्तर माझ्या मशीनवर, माझ्या आज्ञेवरून, कागदाच्या बाहेर उमटतं. कागद स्वतःबद्दल काय म्हणतो याला किंमत शून्य.

'वरचे लोक तपासतात ना' हेही पुरेसं नाही. २०१४ च्या जुलैमध्ये आपल्याच एनआयसीच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं बाहेर पडली होती. पकडली कोणी? गुगलने. ज्याचं नाव वापरलं गेलं त्याने तपासलं म्हणून कळलं.

आता माझ्या बाजूचंही उणं बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा जीपीजीचा एजंट. ते वापरायला किचकट आहे, मान्य. स्नोडेनने ग्लेन ग्रीनवाल्डला पीजीपी बसवून घे म्हणून मागे लागून सांगितलं, तर तो पत्रकार असून चालढकल करत राहिला. माझ्या मावसबहिणीने नाद सोडला तर तिला काय बोलू! दुसरं, किल्ली हरवली की जुने गुप्त निरोप कायमचे बंद. आणि तिसरं सर्वात महत्त्वाचं. सही चांगली म्हणजे माणूस चांगला असं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जगभरच्या लिनक्समध्ये असलेल्या छोट्याशा सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. ती आवृत्ती 'जिया तान' नावाच्या देखभालकर्त्याने रीतसर सही करून प्रसिद्ध केली होती. या नावाच्या माणसाने दोन वर्षं मदत करून विश्वास मिळवला आणि मग घाव घातला. आंद्रेस फ्रॉइंड या गृहस्थांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची खुटखुट लागली, म्हणून जग वाचलं. जीपीजी त्यात खोटं बोललं का? नाही. ते म्हणालं, हे त्याच किल्लीवाल्याने पाठवलंय. पाठवलंच होतं. किल्लीवाल्याबद्दलचा निवाडा आपला आपण करायचा, तो कुठल्याही यंत्रावर ढकलता येत नाही. पण यंत्र जेवढं नक्की सांगू शकतं तेवढंही न विचारता, शिक्का बघून मान डोलावणाऱ्याला हा मुद्दा माझ्या तोंडावर फेकायचा काही अधिकार नाही.

असो. भांडून झालं, आता कामाचं. या वर्षी गणपतीला बदलापूरला सगळे जमणार आहोत. दीड दिवसात आरत्या आणि पत्त्यांमधून अर्धा तास मला द्या. ज्यांना किल्ली करून हवी असेल त्यांनी स्वतःचा लॅपटॉप आणा, माझ्या मशीनवर कोणाचीही खासगी किल्ली बनणार नाही. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी आपला चाळीस अक्षरी ठसा कागदावर लिहून आणा, मी माझा आणतो, समोरासमोर बसून अक्षर अन् अक्षर वाचून घेऊ. फोनवर वाचून दाखवतो म्हणू नका, हल्ली आवाजाचीही नक्कल होते. मामा, तुमच्यासाठी व्हॉट्सॲपचा साठ आकडी कोडही चालेल, चष्मा आणा. आणि आत्या, विहिरीच्या कागदाची फाईल तुझ्या फोनवर आहे ती उडवू नकोस, तीही त्या दिवशी सगळ्यांसमोर तपासून बघायची आहे.